वाटीतली गोळी

चिंचपोकळी
९ जून २०२४

मेघना,

वर 'आशीर्वाद' लिहिलं होतं, ते खोडलं. फोन तू उचलत नाहीस आणि तुझ्या शाळेच्या ऑफिसात येऊन उभं राहायची माझी हिंमत नाही. म्हणून पत्र. चिंचपोकळीहून फणसवाडीला, मुंबईतल्या मुंबईत पत्र टाकायचंय म्हटल्यावर पाकीट देताना पोस्टातली बाईसुद्धा हसली. आईच्या बाराव्यानंतर आपण बोललो नाही, त्याला या श्रावणात आठ वर्षं होतील.

काम आहे म्हणून लिहितेय, उगाच खोटं कशाला बोलू? काम अपेक्षाचं आहे. चोवीस वर्षांची झाली, लोअर परळला जाहिरातीच्या कंपनीत चित्रं काढते. पोरगी हुशार आहे गो, पण वजन एकशे चार किलो. मी काही करायचं बाकी ठेवलं नाही. मध-लिंबू झालं, जिम झालं, भात बंद झाला. समोरच्या दर्शनाने कसलंसं इंजेक्शन घेऊन चौदा किलो उतरवले, ते आणायलाही निघाले होते. शेवटी अपेक्षा मला न सांगता परळला एका डॉक्टरकडे गेली. डॉ. ऋता, वजनाच्याच डॉक्टर. दुसऱ्या खेपेला मी सोबत गेले आणि म्हटलं, दर्शनाचं इंजेक्शन हिलाही द्या. तर म्हणाल्या, "दर्शनाचं दर्शनाला. हिचं वजन का वाढतंय ते आधी बघू. दोघींचा काटा सारखा दिसला तरी दोघींचं कारण सारखं नसतं."

रक्त झालं, झोपेची तपासणी झाली. मग आईकडच्या माणसांबद्दल विचारलं. तरुणपणीच कुणाचं वजन असं वाढलं होतं का? अपेक्षा पटकन म्हणाली, "मेघनामावशीचं." मी गप्प बसले.

कधी वाढलं, किती वाढलं, तेव्हा काही औषध चालू होतं का, एवढंच त्यांना हवंय. चार ओळी लिही. माझ्यासाठी नको, तिच्यासाठी.

दुर्गा


फणसवाडी
२२ जून २०२४

ताई,

अपेक्षासाठी लिहिते.

१९९४, मी बारावीत. नोव्हेंबरात पहिली फिट आली आणि गोळ्या सुरू झाल्या, सकाळी एक, रात्री एक. तेव्हा मी एकोणपन्नास किलोंची होते. पुढच्या दिवाळीला त्रेसष्ट, बी.ए. झाले तेव्हा अठ्ठ्याहत्तर. आज शहाण्णव. चार वर्षांपासून साखरही आहे. थायरॉइड नाही.

भुकेबद्दल तुझ्या डॉक्टरांनी विचारलेलं नाही, पण सांगते. जेवून हात धुतले की तासाभरात पोटात खड्डा पडायचा. अजून पडतो. ती भूक खोटी आहे असं घरात सगळे म्हणायचे, म्हणून मीही तसंच धरून चालले. चपात्यांचा डबा तुम्ही वरच्या फळीवर ठेवायचात. अप्पा गिरणीतून आले की आपल्या ताटातली अर्धी भाकरी माझ्यासाठी बाजूला काढायचे आणि आई ती उचलून परत डब्यात टाकायची. तू हसायचीस. तुझ्या लक्षात नसेल.

गोळी अजून तीच आहे. दर तीन महिन्यांनी हॉस्पिटलात रांगेत उभी राहते. समोरचा डॉक्टर प्रत्येक वेळी नवा असतो, प्रश्न मात्र जुनाच. फिट येत नाही ना? मग चालू ठेवा. वजन वाढलंय, खाणं कमी करा.

आता मी एक विचारते. अपेक्षाच्या खाण्याला तू कुलूप लावलं आहेस का? खरं सांगायचं असेल तर सांग, नाहीतर राहू दे.

मेघना


चिंचपोकळी
१४ जुलै २०२४

मेघना,

हो. लावलंय. म्हणजे होतं. फरसाण-बिस्किटांच्या कपाटाला, दोन वर्षं. चावी माझ्या पर्समध्ये असायची. तिच्या भल्यासाठीच, असं मी दर वेळी म्हणायचे. तुझं पत्र आलं त्या दिवशी काढलं.

तू कसं ओळखलंस ते विचारत नाही. पण दवाखान्यात जे झालं ते सांगते.

अपेक्षाला त्यांनी सकाळी उपाशीपोटी बोलावलं. मोजून मापून नाश्ता दिला आणि मग दर वीस मिनिटांनी विचारत राहिले, शून्य ते दहामध्ये भूक किती? ही म्हणतेय आठ. परत आठ. मग सात. मला वाटलं, नाटकं करतेय. दुपारी वरण-भात समोर ठेवला आणि डॉक्टर म्हणाल्या, "पोट भरेपर्यंत खा." हिने पहिला घास घेतला आणि माझ्याकडे बघून हात थांबवला. डॉक्टरांनी ते पाहिलं. म्हणाल्या, "आई, तुम्ही जरा बाहेर बसता का?"

मी बाहेर बसले. तिथे बाकावर बसून मला कळेना की मला राग आलाय की रडू.

नंतर आत बोलावून त्यांनी समजावलं. हिचं पोट भरतं, पण भरल्याचा निरोप डोक्यापर्यंत उशिरा पोचतो. वर झोपेत श्वास अडकतो, म्हणून दिवसभर अंगात त्राण नसतं. ही हावरी नाही. उपाशी ठेवून हिचं उलट बिघडलंय, लपवून खायला शिकली ती त्यातूनच. आता हिच्यापुरतं ठरवलंय सगळं. आधी उसळ-अंडी खायची, मग थांबून भात. झोपताना नाकावर मशीन. आणि औषध, जे तिचा तो निरोप लवकर पोचवेल. दर्शनाचं नाही, वेगळं.

तुझं पत्र त्यांनी दोनदा वाचलं. म्हणाल्या, "मावशींचं कारण भाचीपेक्षा अगदी निराळं असणार. या गोळीने काही जणांची भूक आणि वजन वाढतं. आता दुसऱ्या गोळ्या आहेत. मेंदूच्या डॉक्टरांना सोबत घेऊन, हळूहळू बदलून बघता येईल. त्यांना घेऊन या."

ये ना गो. मी तिथे नको असेन तर अपेक्षा येईल तुझ्यासोबत.

दुर्गा


फणसवाडी
११ ऑगस्ट २०२४

ताई,

डॉक्टरबाईंना माझे आभार सांग. तीस वर्षांत त्या पहिल्या, ज्यांनी मला न बघता माझ्यावर विश्वास ठेवला. पण मी येणार नाही. गोळी बदलायची म्हणजे आधी कमी करायची. एक गोळी चुकल्यावर काय होतं ते मी भोगलेलं आहे.

तूही तिथेच होतीस. साखरपुड्याच्या आदल्या रात्री हातावर मेंदी होती, तशीच आडवी झाले आणि झोप लागली. रात्रीची गोळी वाटीत तशीच राहिली. दुसऱ्या दिवशी धनेशच्या आईने ओटीत नारळ ठेवला, तेवढंच आठवतं. नंतर डोळे उघडले तेव्हा तोंडात रक्त होतं, पाटाच्या कडेवर आपटून पुढचा दात तुटला होता. धनेशकडची, माहीमची सगळी मंडळी उभी होती. धनेशची आई म्हणत होती, "फसवलंत आम्हाला." आणि आपली आई ती वाटी सगळ्यांसमोर फिरवत होती. "ही बघा, हिने गोळी घेतलीच नाही. घेतली की काही होत नाही हो हिला."

धनेशला फिटचं आधी सांगू या, असं मी म्हणत होते. तुम्ही दोघींनी म्हटलंत, लग्न झाल्यावर.

आता तुला माहीत नसलेलं सांगते. आठवड्याने धनेश मला दादरला फुलबाजाराच्या बाहेर भेटला. म्हणाला, "मला चालेल. आईला मी बघतो. तू फक्त हो म्हण." मी नाही म्हटलं. तो तीनदा आला. तिन्ही वेळा नाही म्हटलं. त्याला वाटलं असेल, मी चिडले आहे. मी चिडले नव्हते ताई. मला तो फार आवडायचा. पण जिला स्वतःची एक गोळी लक्षात राहत नाही, तिने उद्या मूल मांडीवर घेऊन कसं बसायचं? हातातून पडलं तर? एवढा एकच विचार होता. तो मला कुणी शिकवला नव्हता, मी स्वतःच त्या वाटीवरून शिकले होते.

दोन वर्षांपूर्वी माहीमच्या बाजारात दिसला. सोबत मुलगी होती, त्याच्याहून उंच. त्याने मला ओळखलं नाही. वजनामुळे असेल.

त्या दिवसानंतर मी एकही गोळी चुकवलेली नाही. एकही फिट आलेली नाही. मला ते पुरे आहे.

मेघना


चिंचपोकळी
२७ ऑक्टोबर २०२४

मेघना,

तुझं पत्र येऊन अडीच महिने झाले. गणपती गेले, दसरा गेला. पाच वेळा लिहायला बसले. आज हे पुरं करणार आहे आणि पोस्टात टाकूनच घरी येणार आहे.

धनेश तुला भेटायला आला होता हे मला खरंच माहीत नव्हतं. माहीत असतं तर मी तेव्हाच बोलले असते, असं लिहिणार होते. पण कोण जाणे. कदाचित तेव्हाही गप्पच राहिले असते.

मी सातव्या महिन्यात होते, बाळंतपणाला लालबागला आपल्या घरी आलेली. दिवसभर घरात, म्हणून तुझ्या गोळ्या मीच काढून द्यायचे. धनेशची आई तुला बघून गेली तेव्हा जाता जाता मला म्हणाली होती, "मुलगी गोड आहे, जरा बारीक झाली तर बरं." त्याच आठवड्यात गोळ्या आणायला गेले तर औषधवाला सहज बोलला, "या गोळीने अंग सुटतं काहींचं." मी विचार केला, महिनाभराचा तर प्रश्न. दोनच्या जागी एक घेतली तर काय बिघडणार? तुला सांगितलं असतं तर तू ऐकलं नसतंस. म्हणून रात्रीची तुझी गोळी मी काढून ठेवायचे आणि वाटीत माझी कॅल्शियमची गोळी टाकायचे. एकोणीस दिवस.

तू विचारलं होतंस, "ताई, ही गोळी मोठी का दिसते गं?" मी म्हटलं होतं, "कंपनी बदलली."

म्हणजे मेघना, त्या रात्री वाटीत जी राहिली ती फिटची गोळी नव्हतीच. तू घेतली असतीस तरी तेच झालं असतं. तू काही चुकवलं नव्हतंस. कधीच नाही.

आई वाटी फिरवत होती तेव्हा मी भिंतीला टेकून उभी होते. अपेक्षा पोटात लाथा मारत होती. आता बोलावं, आता बोलावं असं करता करता तुला उचलून डॉक्टरकडे नेलं. नंतर आई रोज तुला बोलायची, आणि मी मनात म्हणायचे, बाळंतपण होऊ दे, मग सांगते. मग बारसं झालं. मग मी सासरी आले. मग आई गेली. आईला पण कळलं नाही.

पहिल्या पत्रात मी लिहिलं की डॉक्टरांसमोर तुझं नाव निघाल्यावर मी गप्प बसले. कशामुळे ते आता तुला कळलं. हे मी काल डॉ. ऋतांना सांगितलं. त्या म्हणाल्या, "हे मावशींना समजायला हवं. एकोणीस दिवस अर्ध्या डोसवर, तोही एकदम कमी केलेला. तज्ज्ञ डॉक्टरांनी जपून बदललेली गोळी म्हणजे हे नव्हे." म्हणजे तुझी भीती माझ्यामुळे आहे आणि ती काढायची तर मला हे लिहिणं भाग आहे. पण मी फक्त तेवढ्यासाठी लिहिलं असंही समजू नकोस.

माफी मागायची तर कुठल्या तोंडाने?

दुर्गा


फणसवाडी
१५ डिसेंबर २०२४

ताई,

पत्र वाचलं. दुसऱ्या दिवशी शाळेत गेले, दाखले लिहिले, घरी आले. असं महिनाभर केलं. कुणाला सांगू? खोलीत मी एकटी.

मी मेले असते हे बाजूला ठेवते. तुला तेव्हा ते समजत नव्हतं, असं धरते. साखरपुड्याचा ब्लाउज बसला तेव्हा तू टाळी वाजवली होतीस, तेही सोडते. धनेशचंही तुला माहीत नव्हतं, ठीक आहे.

पण त्यानंतर दोन वर्षं मी रोज रात्री गोळी तळहातावर घेऊन आईला दाखवायचे. शाळेतल्या पोरीसारखी. घेतली बघ, असं म्हणायचे. माहेरी आलीस की तू समोरच बसलेली असायचीस, अपेक्षाला मांडीवर घेऊन. ते तर तुला दिसत होतं? एकदा फक्त म्हणायचं होतंस, "आई, पुरे." खरं सांगितलं नसतंस तरी चाललं असतं. एवढं बोलली असतीस तरी मी तुला माफ केलं असतं, असं आज वाटतं.

तेवीस वर्षांची होते मी. एका गोळीवरून मी स्वतःला नालायक ठरवलं आणि पुढचं सगळं आयुष्य त्या हिशेबाने जगले. ती गोळी तुझी निघाली.

एक कर. अपेक्षाला सांग, तुझ्या तोंडाने. तिच्या मावशीने लग्न का केलं नाही, हे तिला उगाच कुणाकडून वेडंवाकडं कळायला नको. तू सांगितल्याशिवाय मला लिहू नकोस.

मेघना


चिंचपोकळी
१९ जानेवारी २०२५

मेघना,

सांगितलं. रविवारी सकाळी, स्वयंपाकघरात, ती चहा करत होती. सगळं सांगितलं, कॅल्शियमच्या गोळ्यांसकट. तिने गॅस बंद केला. "म्हणजे मी पोटात होते तेव्हा?" एवढंच विचारलं.

मग म्हणाली, "तू माझ्यासाठीही जे करतेस ते माझ्या भल्यासाठीच ना?" तिच्या आवाजात राग असता तर बरं झालं असतं.

तेव्हापासून ती माझ्याशी कामापुरतं बोलते. जेवण स्वतः वाढून घेते. मी पातेल्याला हात लावला की म्हणते, "राहू दे आई, मी घेईन." तिचे बाबा मध्ये पडायला गेले, त्यांनाही तिने हात जोडले.

तुझा पत्ता मागितला. दिला. तिला घरात घे.

दुर्गा


फणसवाडी
२८ सप्टेंबर २०२५

ताई,

अपेक्षा तुला थोडंथोडं सांगत असेल, तरी माझ्याकडून कळावं म्हणून लिहिते.

फेब्रुवारीत एका शनिवारी ती आली. दारात उभी राहून म्हणाली, "मावशी, मी दुर्गाची मुलगी," जणू मला दिसत नव्हतं. मी थालीपिठं लावली. तिने तीन खाल्ली, मीही तीन खाल्ली. आम्ही दोघींनी भरपूर खाल्लं आणि त्याबद्दल कुणीच काही बोललं नाही. मग ती मला परळला घेऊन गेली.

डॉ. ऋता आणि मेंदूचे डॉक्टर, दोघांनी मिळून ठरवलं. जुनी गोळी पाव-पाव करत उतरवायची, नवी तशीच चढवायची, एकूण पाच महिने. पहिल्या आठवड्यात साधी शिंक आली तरी मला वाटायचं, फिटच येतेय. भीती होती नुसती. शाळेतून रजा घेतली. अपेक्षा लॅपटॉप घेऊन माझ्याकडे राहायला आली, खिडकीत बसून काम करायची. मध्येच मान वर करून विचारायची, "मावशी, आहेस ना?" मी म्हणायचे, "आहे." फिट आली नाही. अजून आलेली नाही.

वजन शहाण्णववरून एकोणनव्वद. डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं, तीस वर्षांचं सगळं काही उतरणार नाही. साखर राहील, गुडघे असेच राहतील. "हीच गोळी वीस वर्षांपूर्वी बदलली असती तर..." असं त्या बोलायला लागल्या. मी त्यांना थांबवलं. मला ते वाक्य पुरं ऐकायचं नव्हतं.

अपेक्षाचे नऊ किलो कमी झालेत. तिचं औषध मला चालणार नाही, माझं तिला. ती हसून म्हणते, मावशी-भाचीचा काटा सारखा, बाकी काही जुळत नाही.

एक गोष्ट तुला सांगायची आहे. कुणाला तरी सांगावीशी वाटते, आणि ती कळेल अशी तूच एक उरली आहेस. जूनमध्ये एका दुपारी आमटी-भात जेवून मी उठले आणि माझं पोट भरलेलं होतं. तासाने बघितलं, तरी भरलेलं. संध्याकाळपर्यंत खाण्याचा विचारही आला नाही. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी मला कळलं की बाकीच्या माणसांना जेवल्यावर असं वाटतं. तुला असंच वाटायचं. म्हणून तुला माझी भूक खोटी वाटली. रात्रीचं ताट समोर तसंच ठेवून मी खूप रडले. आनंदाने की कशाने, सांगता येणार नाही. सतरा वर्षांची मुलगी आठवत होती, फळीकडे बघत उभी असलेली. तिला कुणी सांगायला हवं होतं की तुझं काही चुकत नाहीये.

तू अपेक्षाजवळ निरोप दिलास, भेटायला येऊ का म्हणून. येऊ नकोस. मी तुला माफ केलं आहे असं ती तुला समजुतीखातर सांगेल. खरं मानू नकोस. तसं झालेलं नाही. होईल की नाही, माहीत नाही. राग धरून ठेवायला आता मला जोर लागतो, एवढं मात्र खरं आहे.

दिवाळीला ती माझ्याकडे यायचं म्हणत होती. मी तिला सांगितलं, घरी आईपाशी राहा. तिने तुझ्याशी बोलणं टाकावं असं मला वाटत नाही. एका घरात एवढं एकदा झालं, पुष्कळ झालं. पण तिचं ताट तिलाच वाढू दे.

पत्र लिहिलंस तर वाचीन. उत्तर लिहीन असं कबूल करत नाही.

मेघना